गढूळ प्लाकच्या मागे

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मला सोलापूरच्या सांडपाण्यातून फेज, म्हणजे जिवाणूंना लागणारे विषाणू, वेगळे काढायचे होते. नाल्याचं पाणी गाळायचं, ई. कोलाय या जिवाणूबरोबर मऊ अगारात, म्हणजे जेलीसारख्या माध्यमात, मिसळून प्लेटवर ओतायचं. एप्रिलमध्ये हे सगळं पहाटेच उरकावं लागे. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. दुपारी खोलीच चाळिशीपार गेली की आतले ३७ अंश टिकायचे कसे?

बहुतेक प्लाक, म्हणजे जिवाणूंच्या थरात फेजमुळे पडलेले डाग, लख्ख होते, तिथले जिवाणू फुटून संपलेले. काही मात्र मधोमध गढूळ, तिथे काही जिवाणू वाचलेले. उपचारासाठी लख्ख प्लाकवालेच फेज हवे असतात, पण माझं मन गढूळ प्लाकवर बसलं. मॅडम म्हणाल्या, "मग आधी लॅम्डा नीट वाच."

लॅम्डा फेज एस्थर लेडरबर्ग यांना सापडला. त्याचा डीएनए ई. कोलायच्या गुणसूत्रात शिरून पिढ्यानपिढ्या झोपून राहू शकतो. सीआय नावाचं रिप्रेसर, म्हणजे जनुकं दाबून ठेवणारं, प्रथिन डीएनएवरच्या शेजारशेजारच्या दोन जागा धरून बसतं आणि फेजला उठण्याकडे नेणारं क्रो हे जनुक बंद ठेवतं. तेच प्रथिन स्वतःचं जनुक चालू ठेवतं, आणि फार झालं तर तिसरी जागाही अडवून स्वतःलाच आवरतं! क्रो प्रथिन आधी नेमकी ती तिसरी जागा धरतं आणि सीआयचं उत्पादन थांबवतं. तीन जागांवर दोन प्रथिनांची ही चढाओढ समजली त्या रात्री मला झोप लागली नाही.

गढूळ प्लाकच्या मधले जिवाणू मी वाढवले. त्यांच्यावर तोच फेज टाकला तर प्लाक पडेनात. आत रिप्रेसर असला तर नव्याने शिरलेल्या फेजचीही जनुकं दबतात, त्याच्याशी हे जुळत होतं. मग अतिनील किरण दिले. लॅम्डात डीएनएला इजा झाली की पेशीतलं रेकए प्रथिन जागं होतं, त्याच्या संगतीत सीआय स्वतःला तोडून घेतं आणि फेज उठतो. फ्लास्क लगेच फॉइलमध्ये गुंडाळला, कारण उजेडात जिवाणू ती इजा दुरुस्त करतात.

गाळलेला द्रव साध्या ई. कोलायवर टाकला. किरण न दिलेल्या प्लेटवर तुरळक प्लाक होते, कारण थोड्या पेशींत फेज आपणहूनही उठतो. किरण दिलेल्या प्लेटवर मोजता येऊ नयेत इतके! माझा फेज लॅम्डाच असेल असं नाही, पण तो झोपतो आणि उठतो हे दिसलं. आता त्याचा डीएनए काढायला घेतलाय. रिप्रेसरचं जनुक सापडतं का ते बघायचंय.