पाठमोरा गडी

माझा भाचा खो-खो खेळतो. ज्यांनी त्याला खांबावर सूर मारताना पाहिलंय, त्यांना तो स्टुलावर गप्प बसून राहतो हे सांगून पटत नाही.

त्याच्या ताईला सेरेब्रल पाल्सी आहे. व्हीलचेअरवर असते. हात मनासारखे चालत नाहीत, बोलणं सावकाश. जीभ मात्र तिखट. भावाची तिच्यावर माया पहिल्यापासून होती, पण ती फार घाईची. तिचं वाक्य निम्म्यावर असतानाच हा पाणी घेऊन हजर. तिला पंखा बंद करून हवा असायचा.

मग घरात बोचिया आला. सहा लाल चेंडू, सहा निळे, एक पांढरा. आपला चेंडू पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा, एवढाच खेळ. १९८४ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे. ज्यांना चेंडू फेकता येत नाही त्यांचा बीसी३ हा गट. ते उतरत्या रॅम्पवरून चेंडू सोडतात. आमच्याकडचा रॅम्प म्हणजे उभा चिरलेला प्लास्टिकचा पाइप, आणि चेंडू कापडी, आत मोहरी भरलेले. (एकाची शिवण उसवली तेव्हा माझ्या बहिणीने जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.)

रॅम्प हलवायला मदतनीस लागतो आणि त्याचे नियम मोठे मजेशीर आहेत. त्याने खेळाडूकडे तोंड करून, मैदानाकडे पाठ करून बसायचं. डाव चालू असताना वळून पाहायचं नाही, आपण होऊन काही सुचवायचं नाही. पाहिलं तर दंड. पदक मिळालंच तर त्यालाही मिळतं. ही जागा भाच्याकडे आली.

पहिले काही दिवस बघण्यासारखे होते. चेंडू चेंडूवर आपटल्याचा आवाज आला की याची मान वळलीच. ताई म्हणायची, "डावीकडे," की हा झटकन आपल्या डावीकडे. "माझ्या डावीकडे, गाढवा!" समोरासमोर बसल्यावर दोघांचं डावं-उजवं उलटं होतं, हे त्याच्या अंगवळणी पडायला बराच वेळ लागला. तोवर ताईने मनसोक्त शिव्या देऊन घेतल्या. मला वाटतं, खेळापेक्षा तिला त्यातच जास्त गंमत होती.

खरं तर हे त्याला नवं नव्हतं. खो-खोत पाटीवरचे आठ गडी एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि मागून खो मिळाल्याशिवाय कुणी उठत नाही. उठला तर फाउल. कितीही चपळ असलात तरी! मैदानावर हे त्याला झोपेतही जमत होतं, घरात मात्र तो खो मिळायच्या आधीच धावत सुटायचा.

आता ताई बोलायला लागली की तो थांबतो. वाक्य लांबलं तरी थांबतो. मधे तर याचाही अतिरेक झाला, चहात साखर किती इथपासून प्रत्येक गोष्ट विचारायला लागला, तेव्हा तिनेच खडसावलं, "प्रत्येक वेळी काय विचारतोस? माहितीये ना तुला!"

परवा एका लग्नात वाढायला आलेल्या काकूंनी ताईकडे न बघता त्याला विचारलं, "हिला जिलबी चालते का रे?" याने सरळ त्यांच्याकडे पाठ केली आणि मठ्ठा प्यायला लागला. काकूंनी नंतर माझ्या बहिणीकडे तक्रार केली, की मुलगा खेळात चमकतोय, पण वळण काही नाही.

ताईने तीन जिलब्या घेतल्या. एक त्याच्या पानातली.