दाढ काढा म्हणाले होते, ती अजून तोंडात आहे

खालची डावीकडची दाढ हलायला लागली तेव्हा पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथं दोन मिनिटांत काढून टाका म्हणून सांगितलं, एक्सरेसुद्धा नाही काढला, आणि याचा मला अजून राग येतो कारण त्या दिवशी मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग मावसबहीण म्हणाली थांब जरा, आणि फोंड्याहून कदंबा बस पकडून पणजीला हिरड्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी बारीक सळईने मोजलं, हिरडी आणि दाढेमधली फट ७ मिलिमीटर, चांगल्या हिरडीत ३ पर्यंत असते. एक्सरेत मुळाच्या एका बाजूचं हाड खड्डा पडल्यासारखं झिजलेलं.

आधी हिरडीखालचं डीप क्लीनिंग, मग दोन महिन्यांनी परत मोजलं. सूज उतरलेली पण खड्डा होता तसाच. तेव्हा त्यांनी एम्डोगेन जेल सुचवलं, एनॅमलच्या, म्हणजे दातावरच्या कडक आवरणाच्या प्रोटीनचं.

मला वाटलं म्हणजे दातावर नवीन एनॅमल येणार. तसं नाही हो. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंत मरून जातात, ते परत येत नाही. पण त्याच प्रोटीनांचा, त्यात मुख्य अमेलोजेनिन, मुळावरच्या सिमेंटमच्या थराशीही संबंध आहे असं स्वीडनच्या लार्स हॅमरस्ट्रॉम यांनी मांडलं, १९९७ चं ते संशोधन. खड्डा साफ केला तरी हिरडीची कातडी भराभर वाढते आणि खाली उतरून खड्डा अडवून बसते, मग दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंच्या पेशींना जागाच उरत नाही. या प्रोटीनमुळे त्या तंतूंच्या पेशी वाढतात, सरकत मुळापर्यंत येतात, आणि कातडीच्या पेशींची वाढ मात्र मंदावते. एकच वस्तू एकाला पुढे काढते आणि दुसऱ्याला थोपवते, हे ऐकून मी बाईंना दोनदा विचारलं, खरंच का!

पण हे जेलमधलं प्रोटीन येतं डुकराच्या पिल्लांच्या न उगवलेल्या दातांतून. बाईंनी सही घ्यायच्या आधी हे स्वतःहून सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. आमच्याकडे सोमवारी नुस्तं, म्हणजे मासळीसुद्धा शिजत नाही, म्हणून घरी येऊन आईला विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, वखद म्हणून घे गो, म्हणजे औषध म्हणून.

ऑपरेशन तासाभराचं. हिरडी उघडून मूळ साफ केलं, एडीटीए नावाचं रसायन दोन मिनिटं लावून धुतलं, मग सिरिंजमधून जेल. त्याआधी मुळावर रक्त किंवा थुंकी लागू द्यायची नसते म्हणून सगळी धावपळ तेवढ्याच मिनिटात. जेल आंबट असतं तोवर प्रोटीन विरघळलेलं राहतं, शरीरात गेलं की तो आंबटपणा जातो आणि प्रोटीन मुळावर थर धरून बसतं. वरून टाके, ते दोन आठवड्यांनी काढले. तोवर पेज आणि मऊ भात, त्या बाजूला ब्रश नाही, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या.

खरा कठीण भाग नंतरचा, सहा महिने ती सळई आत घालायची नाही, म्हणजे आत काय चाललंय कळायला मार्गच नाही. गणेश चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, उजव्या बाजूनेच खाल्ल्या. सहा महिन्यांनी मोजलं तर ४ मिलिमीटर, आणि एक्सरेत खड्ड्याच्या तळाशी पुसटसं पांढरं दिसायला लागलेलं. हाड अजून भरेल म्हणाल्या बाई, वर्षाने परत एक्सरे आहे.