फोम लावला आणि हॉर्न अजूनच स्पष्ट ऐकू यायला लागले

रात्रपाळी करून सकाळी घरी यायचं आणि बरोब्बर त्याच वेळी खिडकीखालचा रस्ता जागा होणार. झोप लागायची ती तुकड्या-तुकड्यांत. शेवटी वैतागून ठरवलं की ही खोली साउंडप्रूफ करायचीच, आणि बहुतेक लोक करतात तेच मीही आधी केलं, काळा उंचसखल फोम मागवला आणि खिडकीकडची अख्खी भिंत मढवून टाकली.

दुसऱ्या दिवशी आडवी झाले तर हॉर्न होते तसेच, उलट जास्तच टोचायला लागले. खोलीतला घुमारा गेला ना, मग बाहेरचं सगळं स्वच्छ ऐकू येणार! फोमचं कामच ते, खोलीतल्या खोलीत आपटून परत येणारा आवाज शोषायचा. बाहेरचा अडवायला वजन लागतं, आणि फोममध्ये वजन कुठून येणार, तुकडा तोंडासमोर धरून फुंकर मारली तर हवा सरळ पलीकडे जाते. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला देणारेही भेटले, त्यांना लांबूनच नमस्कार.

मग नवरा म्हणाला, आधी आवाज येतो कुठून ते तरी बघू. रात्री खोलीत अंधार केला आणि तो बाहेरून दाराच्या कडेकडेने टॉर्च फिरवत गेला, तर खालून एवढी पट्टी उजेड आत आला की मलाच लाज वाटली. खिडकीला कागदाची पट्टी लावून बघितली, झडप बंद करून कागद ओढायचा, सुळकन निघाला तर तिथे फट आहे. आमची स्लायडिंग खिडकी, कागद सगळीकडूनच सुळकन. दोन झडपा मध्ये एकमेकांवर येतात तिथलं ब्रशसारखं वूल पाइल झिजून पार टक्कल पडलेलं. आणि एसीच्या पाइपचं भोक! पडद्यामागे असल्यामुळे इतकी वर्षं कुणाचं लक्षच नाही, आतली पुटी वाळून गळून गेलेली आणि सरळ रस्त्याचा आवाज आत.

ते भोक रॉकवूल (दगडापासून बनवलेली कापसासारखी लोकर) ठासून दोन्ही बाजूंनी लवचिक सीलंटने बंद केलं (पीओपी नको, पाइप थरथरतो, त्याला तडे जातात), वूल पाइल नवीन घातलं, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट भरली. इथे एक घोळ मी स्वतः केला. उत्साहाच्या भरात खालच्या ट्रॅकची बारीक भोकंपण सिलिकॉनने बुजवली, ती पावसाचं पाणी बाहेर जायला असतात हे पहिल्या जोरदार पावसात कळलं, ट्रॅक भरून पाणी गादीपर्यंत आलं. मग टूथपिकने एकेक भोक कोरत बसले.

मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचा आकडा काही अगदी तंतोतंत नसतो, पण तोच फोन त्याच उशीवर ठेवून आधी-नंतर बघायला चालतो. सुरुवातीला ५८ च्या आसपास होतं, फटी बुजवल्यावर ५४. फरक जाणवत होता, पण झोप लागण्याइतका नाही.

खरं काम केलं दुसऱ्या खिडकीने. जुनी तशीच ठेवली आणि आतल्या बाजूला साधारण १०० मिमी अंतर सोडून अजून एक बसवली, ही स्लायडिंग नाही, बिजागरीची, लॉक फिरवला की चारी बाजूंनी रबरी गास्केटवर घट्ट दाबून बसणारी. काच ६.३८ मिमी लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये पातळ प्लास्टिकचा थर, तो कंपन मारतो. बाहेरची ५ मिमी आहे आणि जाडी वेगळी आहे तेच बरं, दोन्ही काचा सारख्या असल्या तर एकाच सुराला दोघी मिळून थरथरतात आणि तेवढा आवाज आरामात आत येतो. मधल्या पोकळीच्या कडांना फोमच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे त्या मागवलेल्या फोमचं कुठेतरी सोनं झालं. आता ॲप ४३ दाखवतं. दहाएक डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, त्यामुळे हॉर्न आता शेजारच्या गल्लीत वाजतोय असं वाटतं.

दाराचं थोडक्यात सांगते, पोकळ दार काढून भरीव फ्लश दार, आणि खाली दार लावलं की आपोआप जमिनीला टेकणारी रबरी पट्टी. सुतारकाकांनी आधीच बजावलं होतं की वजनाला तीन बिजागऱ्या पुरणार नाहीत, चार लावा, मी ऐकलं नाही आणि महिन्याभरात दार खाली बसलं. आता चार आहेत.

जड गाड्यांची घरघर मात्र अजून येते, एवढ्या खालच्या सुरातल्या आवाजाला काचेचं वजन पुरत नाही. आणि सगळं इतकं बंद झाल्यावर खोली कोंदट होते, एसी आतलीच हवा फिरवतो, त्यामुळे उठल्यावर दोन्ही खिडक्या सताड उघडायच्या हा नेमच झालाय.

रस्ता गप्प झाल्यापासून वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकलेली ऐकू यायला लागलीये, आधी ती ट्रॅफिकमध्ये बुडून जायची. ती स्लॅबमधून येते, तिला खिडकी-दार काय करणार. खुर्चीच्या पायांना लावायचे रबरी बूट आणून ठेवलेत, वरच्या काकूंना ते कसे नेऊन द्यायचे एवढंच अजून सुचत नाहीये.