लक्ष्मीच्या जागी उभी राहिलेली बाई

लक्ष्मी कशी दिसते, असं विचारलं तर आपल्यापैकी कुणीच अडखळणार नाही. कमळावर उभी, अंगावर जरीकाठी लालसर साडी, वरच्या दोन हातांत कमळं, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. किराणावाल्याच्या गल्ल्यावर हीच, सराफानं दिलेल्या कॅलेंडरवरही हीच. देवीनं स्वतः चित्रकारापुढे येऊन बैठक दिली असावी इतकी आपली खात्री. खरं तर हे रूप घरोघरी पोचवलं राजा रविवर्म्याच्या छापखान्यानं. तो १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापाचं काम, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छपाई. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्यानं त्याआधीच देवादिकांची रंगीत चित्रं छापली होती, पण डोळ्यांत बसली ती रविवर्म्याचीच लक्ष्मी.

आता हीच लक्ष्मी, पण फोटोत. साडी, मुकुट, कमळ, सगळं जागच्या जागी. फक्त चेहरा एका खऱ्याखुऱ्या बाईचा. ही पुष्पमाला एन., बेंगळुरूच्या कलावंत. मूळच्या शिल्पकार. २००० ते २००४ या काळात छायाचित्रकार क्लेअर अर्नी यांच्याबरोबर त्यांनी एक मोठी फोटोमालिका केली : ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया : मॅनर्स अँड कस्टम्स’. जुन्या चित्रांतल्या, सिनेमातल्या, वर्तमानपत्रातल्या बायका घ्यायच्या आणि त्यांच्या जागी स्वतः उभं राहायचं.

मामीला मी तो फोटो मोबाइलवर दाखवला. तिचा हात सवयीनं कपाळाकडे गेला. मग चष्मा सारखा करत म्हणाली, ‘‘अगं, ही तर बाई आहे कुणीतरी!’’

‘‘मग रविवर्म्यासमोर कोण उभं होतं, मामी?’’

मामीनं माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथंच संपला. पण मला वाटतं, पुष्पमालांना हवा असतो तो नेमका हाच अर्धा क्षण, हात वर गेला आहे आणि नमस्कार अजून व्हायचा आहे.

नुसतं लक्ष्मीपाशी थांबल्या असत्या तर ती फार तर फॅन्सी ड्रेसची गंमत झाली असती. त्याच मालिकेत त्या चांदण्यात बसलेली रविवर्म्याची नायिका होतात, वेलंकणीची माता, म्हणजे मेरी, होतात, आणि पोलिसांनी पकडलेली आरोपीही होतात. एका फोटोत त्या निलगिरीतल्या तोडा जमातीची बाई होऊन चौकटी-चौकटींच्या पडद्यापुढे उभ्या आहेत. इंग्रज अमदानीत माणसांची मापं घ्यायला असेच पडदे लावत. बाई तीच, अंगकाठी तीच. मागचा पडदा बदलला की आपली नजर बदलते. एकीला हात जोडतो, दुसरीकडे संशयानं बघतो, तिसरी नमुना म्हणून फायलीत जाते. वर चित्रणाच्या वेळची पडद्यामागची धावपळही त्यांनी कामातच मांडून ठेवली आहे. जादूगारानं आपणहून बाह्या वर करून दाखवाव्यात तशी.

हे सगळं दक्षिणेतलं म्हणून मी निवांत होते. मग पाडवा आला. डोंबिवली काय, गिरगाव काय, शोभायात्रेत नऊवारी, दाबाची नथ, चंद्रकोर, गॉगल आणि बुलेट. मलाही हौस. शिवलेली नऊवारी भाड्यानं देणाऱ्या दुकानात गेले. हँगरवर ओळीनं नावं : ब्राह्मणी, पेशवाई, शाही मस्तानी, राजलक्ष्मी. आत पाय घातले, नाडी बांधली की झालं, कासोटा आयताच. म्हणजे आपणही ठरवून टाकलंय की मराठी बाईचे नमुने किती आणि कोणते. कोळी नऊवारी एका कोपऱ्यात होती, शाळेच्या गॅदरिंगसाठी.

माझी आजी शेतात खुरपायला जायची तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं असायचं, विटक्या हिरव्या रंगाचं, घामानं पाठीला चिकटलेलं. नथ नव्हतीच. नऊ वार तेही होतंच की. सहज म्हणून दुकानातल्या ताईंना विचारलं, तसं काही मिळेल का.

‘‘तसलं कोण नेसतंय हो फोटोला?’’ म्हणाल्या, आणि राजलक्ष्मी काढून माझ्या खांद्याला लावून बघायला लागल्या.