टाकीवरचं झाकण

कुशनवाल्याकडे गाडी येते ती बहुतेक सीटसाठी. उसवलेली शिलाई, बसलेला फोम, डोक्याला लागणारं लोंबकळतं छत. डिकीवर खर्च करणारं गिऱ्हाईक क्वचितच. तिथे कंपनीची चटई फाटेपर्यंत चालते आणि नंतर गोणपाट. त्यामुळे एक साहेब १९६९ ची फोक्सवॅगन बीटल घेऊन आले आणि "मामा, सीटचं नंतर बघू, आधी डिकी," म्हणाले तेव्हा मी खूश झालो. नुसत्या स्कूटरच्या सीटा शिवून कंटाळाही आला होता.

साहेबांनी मोबाइलवर परदेशातल्या गाडीचा फोटो दाखवला. आतून सगळीकडे शंकरपाळी शिलाईचं तपकिरी लेदर, एकही जोड नाही, स्टेपनी गायब. "असंच हवं. आणि या कामामुळे व्हिंटेजच्या नंबरला काही अडचण नाही ना?" पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए'चा नंबर मिळतो, पण तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. तो नियम त्यांना तोंडपाठ होता. मी म्हटलं, कुशनकामाला कोण विचारतो. एवढी चौकशी त्यांनी पेट्रोलच्या पाइपांची केली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

बीटलचं इंजिन मागे आणि डिकी पुढे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या डिकीच्या पोटातच पेट्रोलची टाकी असते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. टाकीची वरची बाजू हाच डिकीचा अर्धा तळ. तिच्यावर, पेट्रोल किती आहे ते काट्याला सांगणारा फ्लोट. पुढे नाकाशी स्टेपनी तिरकी उभी, तिच्या मागे ब्रेक ऑइलची बाटली आणि डॅशबोर्डच्या पाठीला उघडा पडलेला वायरींचा गुंता. पेट्रोल भरायचं झाकण या मॉडेलला बाहेर, उजव्या बाजूला दाराच्या पुढच्या पत्र्यावर असतं आणि तिथून टाकीपर्यंतचा जोड डिकीच्या आत असतो, रबराचा. एवढ्या सगळ्यावर कंपनीने काय दिलं होतं, तर दाबलेल्या पुठ्ठ्याची उचलून ठेवता येणारी पाटी. या गाडीतली ती कधीच गेलेली. एका क्लिपखाली तिचा करडा तुकडा तेवढा सापडला, तो मी जपून ठेवलाय.

स्टेपनीचीही एक गंमत आहे. काचेवर पाणी उडवायला या गाडीत मोटर नाही. स्टेपनीच्या व्हॉल्व्हला एक नळी लागते आणि तिच्यातल्या हवेच्या दाबावर पाणी उडतं. हवा एका मर्यादेखाली गेली की नळी आपोआप बंद होते, म्हणजे पाणी उडवता उडवता स्टेपनी बसत नाही. साहेबांच्या गाडीत ती नळी शाबूत होती. असली गाडी मी पहिल्यांदाच पाहिली. ते म्हणाले, "काढून टाका, पंक्चर किट ठेवू." मी म्हटलं, स्टेपनी निघणार असेल तर काम दुसऱ्याकडे द्या. थोडी कुरकुर झाली, पण मानलं.

दुसरा वाद टाकीवरून. त्यांना सगळं एकसंध चिकटवून हवं होतं. मी सांगितलं, बाजूच्या भिंती कशाही मढवतो, टाकीवर मात्र झाकण करणार, हाताने उचलता येईल असं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी आठवा. डिकीत सीएनजीचा सिलिंडर आणि वर प्लायची फळी. ती फळी कुणी टॅक्सीवाला चिकटवत नसे, कारण सिलिंडर दर तीन वर्षांनी चाचणीला न्यावा लागायचा. २०२३ मध्ये त्या पद्मिनी रस्त्यावरून कायमच्या गेल्या. आमच्या शौकीन लोकांपेक्षा ते टॅक्सीवाले शहाणे.

मग काम सुरू झालं. माप टेपने घेत नाही आम्ही. खाकी कागद आत दाबून बसवायचा, कडेवर नखाने घडी उमटवायची, मग कापायचं. डावा कागद उलटा करून उजवीकडे लावला की झालं, असं नव्या पोरांना वाटतं. पण पन्नास वर्षांत गाडी कुठे ना कुठे ठोकलेली असते. या गाडीच्या दोन बाजूंत बोटभर फरक होता. भिंतींना चार मिलिमीटरचं मरीन प्लाय घेतलं. चाकाच्या कमानीशी ते वळेना, तेव्हा पाठीमागून करवतीने जवळ जवळ चिरा पाडल्या आणि ओलं करून साच्यावर रात्रभर बांधून ठेवलं. टाकीच्या आसपास ड्रिल लावू दिलं नाही. स्क्रू कधी पत्र्यातून आरपार जाईल सांगता येत नाही. सगळं कंपनीच्याच जुन्या भोकांत क्लिपवर बसवलं.

झाकणाखाली फोम घातला नाही. फोम म्हणजे पाणी आणि पेट्रोल धरून ठेवायची जागा. त्याऐवजी पातळ नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, तोही कडेने टाके घालून, चिकटवायच्या सोल्यूशनचा थेंब न लावता. झाकणाला खालून रबराच्या पट्ट्या, म्हणजे पत्र्यावर घासणार नाही, आणि बाजूला दोन फिरत्या कळ्या. त्या फिरवल्या की अख्खं झाकण हातात. शंकरपाळीची रेघ झाकणावरून भिंतीवर तुटू न देता नेली, तिथे आमच्या कारागिराने दोनदा उसवून पुन्हा शिवलं. माझ्या मते तो या कामातला सगळ्यात देखणा भाग. साहेबांना मात्र फक्त जोड दिसला. "इथे फट दिसतेय मामा." ती फट नव्हती, उचलायला बोट घालायची जागा होती. पण गिऱ्हाइकाला मागची बाजू कधी दिसत नाही आणि मागच्या बाजूचे पैसे द्यायला नेहमी जिवावर येतं.

गाडी न्यायला ते बाईंना घेऊन आले. पैसे देऊन, फोटो काढून निघाले. थोड्या वेळाने गाडी परत दारात. बाईंनी नाकाला पदर लावलेला, साहेब लाल. "तुमच्या सोल्यूशनचा वास येतोय, डोकं दुखायला लागलं हिचं." मी दार उघडून मान आत घातली. सोल्यूशनचा वास गोडसर असतो, घशात बसतो. हा नाकात झोंबत होता. विचारलं, वाटेत काय केलंत? "टाकी फुल केली." त्यांचा मिस्त्री फोनवर होता, तो तिकडून ओरडून सांगत होता की कुशनवाल्याने पाइप दाबला असणार.

बॅटरीची तार आधी काढली. बॅटरी मागच्या सीटखाली असते, त्यासाठी सीट उचलावी लागते. मग पुढे येऊन कळ्या फिरवल्या, झाकण उचललं. नमद्याचा एकच कोपरा ओला, भरायच्या जोडाच्या बाजूचा. तो रबराचा जोड मी दोन बोटांनी जरा वाकवला तर खालच्या बाजूला तडा असा उघडला की आतली जाळी दिसली. टाकी अर्धी असताना तिथवर पेट्रोल पोचतच नसणार. फुल केली, वळणावर हिंदकळलं, बाहेर आलं. मी साहेबांचा हात धरून त्यांचंच बोट त्या तड्यावरून फिरवलं. ओलं बोट त्यांनी हुंगलं आणि मिस्त्रीचा फोन बंद केला.

"चिकटवलं असतं तर?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, तर नमदा भिजत राहिला असता आणि तुम्ही महिनाभर मला शिव्या दिल्या असत्या. याहून जास्त काही बोललो नाही. त्यांच्या मांडीवर लहान पोर होतं.

असा जोड का तडकतो, तेही सांगितलं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या गाडीचं रबर त्याच्यासाठी बनलेलंच नाही, ते फुगतं, मऊ पडतं, नाहीतर वाळून तडकतं. जुन्या गाडीवाल्याला साध्या पंपावर दुसरं पेट्रोल सहज मिळत नाही. म्हणून नवा पाइप पेट्रोलचाच आणि इथेनॉल सोसणारा घ्या, आणि दर सहा महिन्यांनी झाकण उचलून बघा. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला. गाडी ट्रकवर चढवून मिस्त्रीकडे गेली.

पुढे जानेवारीतल्या एका रॅलीचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरले, त्यात ही बीटल होती. ओळखीच्या माणसाने लिहिलं, "मामा, तुमची डिकी बघितली, एक नंबर." मी फोटो मोठा करून पाहिला. कळ्या नव्हत्या, बोट घालायची जागा नव्हती. झाकण आणि भिंत यांच्यावरून एकच कातडं ताणलेलं आणि शंकरपाळी तिथे अर्ध्या इंचाने सरकलेली. आम्ही दोनदा उसवलेला तोच भाग.

फोन केला. साहेब मोकळेपणाने बोलले. "जज म्हणाले, जोड दिसतात, गुण कापले. मग एकाकडून करून घेतलं. नाव तुमचंच सांगतो हं सगळ्यांना." हे जज लोक टॉर्च घेऊन रेघा मोजतात. खाली काय आहे, हे कुणी विचारत नाही. मी म्हटलं, साहेब, तो रबराचा जोड. "तो बदललाय ना! मिस्त्रीने रेडिएटरचा होज कापून बसवला, चांगला जाड आहे." रेडिएटरचा होज पाण्यासाठी असतो, पेट्रोलमध्ये तो फुगून सुटतो, हे मी सांगितलं. "बघतो," म्हणाले. मग तेच मेसेज करून पाठवलं. उत्तरात अंगठा आला.

फुकट उघडून देतो, असंही कळवलंय. अजून गाडी आलेली नाही. मी त्यांच्या घरी जाऊन बसायचं का, की बाईंना सांगायचं, हे ठरत नाहीये. त्यांच्या घरात माझ्यामुळे भांडण नको असं एकदा वाटतं, आणि मग ते मांडीवरचं पोर आठवतं.

दरम्यान, तो फोटो बघून आणखी एका बीटलवाल्यांचा फोन आला. डिकी तशीच हवी, बिनजोडाची. मी म्हटलं, टाकीवर झाकण असेल आणि ते उचलता येईल, जोड दिसेल. ते म्हणाले, विचार करून सांगतो.