बाईंचा श्वास

बाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या घरच्यांनी गाण्याच्या जुन्या टेपची ती स्पूल माझ्या हातात दिली, तेव्हा डब्यावरच्या चिठ्ठीत गाण्याचे पहिले दोन शब्द तेवढे वाचता येत होते. एकटीचं भावगीत, मोनोमध्ये मुद्रित केलेलं. त्याचं एका तरुण गायकाबरोबर द्वंद्वगीत करायचं होतं. परवानगी लेखी होती आणि अट एकच: बाईंनी गायला नाही असा एक शब्दही यंत्राकडून त्यांच्या आवाजात म्हणवून घ्यायचा नाही. ही अट नसती तरी मी ते केलं नसतं.

मोनो म्हणजे आवाज, हार्मोनियम, तबला, व्हायोलिन सगळं एकाच ट्रॅकवर कालवलेलं. आता आवाज वेगळा काढणारी सॉफ्टवेअर आहेत. बीटल्सच्या जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवर आवाज आणि पियानो असेच एकमेकांत अडकले होते. १९९५ मध्ये बाजूला ठेवावं लागलेलं ते गाणं २०२३ मध्ये बाहेर आलं ते याच तंत्रामुळे. तरी बाईंच्या शब्दांतल्या प्रत्येक ‘स’ अक्षराला तबल्याची किनार चिकटून येत होती. पट्टी, म्हणजे गाण्याच्या सुराची उंची, ना धड हार्मोनियमची पांढरी पाच, ना धड तिच्या शेजारची काळी चार. मुद्रणाच्या वेळी की नंतर उतरवून घेताना, कुठेतरी टेपच्या वेगात फरक पडला होता. तो दुरुस्त करून मी काळी चारवर आणली. गायकाची पट्टी काळी एक, म्हणजे बरीच खालची. बाईंचा आवाज तिथवर खाली ओढला तर तो त्यांचा राहत नाही, म्हणून खालच्या अंगाच्या ओळी त्याला दिल्या आणि अंतऱ्याची चढण बाईंकडे ठेवली. मग दोन रात्री साफसफाई. खरखर, टकटक आणि ओळींच्या मधले श्वासही. आवाज वेगळा काढला की मागे वाद्यं उरत नाहीत आणि श्वास फार मोठे ऐकू येतात. मला तो कचरा वाटला.

घरच्यांच्या इच्छेनुसार बाईंच्या पाच-सहा जुन्या श्रोत्यांना कच्चं मिश्रण ऐकवायचं ठरलं होतं. कॅसेटी, पत्रिका, आठवणी जपणारी माणसं. मी जोडणी करत होतो तोवर त्यांच्यात राहून गेलेल्या जोड्यांचा विषय रंगला. लताबाईंनी ओ. पी. नय्यर यांच्याकडे एकही गाणं गायलं नाही, ही रुखरुख सगळ्यांचीच. ‘क्वीन’ बँडचा फ्रेडी मर्क्युरी आणि मायकल जॅक्सन १९८३ मध्ये एकत्र गायले, पण ते २०१४ पर्यंत लोकांपर्यंत आलंच नाही. एका ताईंनी जिम रीव्ह्ज आणि पॅट्सी क्लाइन या अमेरिकी गायकांची गोष्ट काढली. ती १९६३ मध्ये गेली, तो १९६४ मध्ये, दोघंही विमान अपघातात. आणि १९८१ मध्ये त्यांचे वेगवेगळे आवाज जोडून द्वंद्वगीतं निघाली. ‘‘त्यांना कुणी विचारलं होतं?’’ असं त्या म्हणाल्या आणि खोलीतलं बोलणं थांबलं. अमेरिकी गायक नॅट किंग कोल १९६५ मध्ये गेले. त्यांच्या मुलीनं १९९१ मध्ये त्यांच्या आवाजासोबत गायलेलं गाणं मात्र कुणालाच खटकत नव्हतं. तिथं लेक वडिलांशी बोलत होती, एवढंच कारण असावं.

मी गाणं लावलं.

संपल्यावर कुणी काही बोलेना. मग कोपऱ्यात बसलेल्या काकांनी विचारलं, ‘‘अहो, बाई श्वास कुठं घेतायत?’’

मी म्हटलं, ‘‘काका, ते मी काढलेत. गाणं स्वच्छ यावं म्हणून.’’

‘‘अंतऱ्याआधी त्या दोनदा श्वास घ्यायच्या. एक आखूड, एक खोल. मैफिलीत तबलजी त्या दुसऱ्या श्वासाची वाट बघायचा.’’

मी मूळ ट्रॅक उघडला. अंतऱ्याच्या अलीकडे पडद्यावर दोन लहान उंचवटे होते, दुसरा पहिल्यापेक्षा रुंद. तेवढाच तुकडा वाजवला. आखूड श्वास, मग खोल श्वास आणि त्याच्या शेवटी घशात किंचित अडकल्यासारखं काहीतरी. दोन रात्री मी हाच आवाज काढून टाकत होतो. ताईंनी डोळे पुसले. एकेक श्वास परत जागेवर ठेवायला मला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात कुणी उठून गेलं नाही.

तरुण गायक सगळं ऐकत उभा होता. ‘‘दादा, मी पुन्हा गाऊ?’’ त्यानं विचारलं. आधीच्या टेकमध्ये तो मात्रा मोजून शिरला होता. बाईंची लय अंतऱ्याकडे चढत जाते; समोर वादक बसवून केलेल्या मुद्रणात असं होतंच. त्यामुळे बिनचूक मोजूनही तो परका वाटत होता. आता हेडफोनमध्ये त्यानं तबला कमी करायला सांगितला आणि बाईंचा आवाज श्वासासकट वाढवायला लावला. दुसऱ्या ओळीपासूनच फरक कळला. बाई श्वास घेत, तेव्हा तो आपली ओळ त्यांच्यासाठी जरा आधी सोडत होता.

अंतरा संपून ध्रुवपदावर येताना दोघांचे श्वास एकाच क्षणी पडले. तो काचेपलीकडून म्हणाला, ‘‘माझा काढून टाका, तिथं त्यांचा एकटीचा राहू दे.’’

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, ‘‘नको. दोन्ही ठेवा.’’

दोन्ही ठेवले.