अथेन्सच्या खापऱ्या आणि लोकशाहीला नावं ठेवणारे लेखक

अथेन्सला जाणारे बहुतेक जण ॲक्रोपोलिस बघतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी सँटोरिनीची बोट पकडतात. मी आणि माझे बाबा गेलो ते मुख्यतः अगोरा (जुन्या शहराचा बाजाराचा आणि कचेऱ्यांचा चौक) आणि प्निक्सची टेकडी (जिथे नागरिकांची सभा भरायची) बघायला. बाबा शाळेत शिक्षक होते, त्यामुळे नोकरीत असताना ज्या ज्या निवडणुका आल्या त्या सगळ्यांना त्यांची ड्युटी लागली, मतपेट्या, लाख, सील, शाई हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं केलंय. लोकशाही पहिल्यांदा जिथे रीतसर चालली ती जागा बघायचीच असं त्यांनी रिटायर झाल्यापासून डोक्यात घेतलं होतं.

माझं कारण जरा वेगळं होतं. जाण्याआधी मी जे काही वाचलं त्यात एक गोष्ट मला सारखी खटकत होती. अथेन्सच्या लोकशाहीबद्दल त्या काळात ज्यांनी लिहिलं त्यातले जवळजवळ सगळे तिच्यावर नाराज आहेत. प्लेटो तर उघड विरोधात, इतिहासकार थ्युसिडिडीसला लोकांच्या गर्दीवर भरवसा नाही, ॲरिस्टोफनीस नाटकामागून नाटकं लिहून तिची टर उडवतो, झेनोफन या लेखकाच्या लिखाणात मिसळून आपल्यापर्यंत आलेलं एक छोटं पुस्तक आहे (लेखक कोण ते कुणालाच माहीत नाही) त्याची तर सुरुवातच अशी की मला ही व्यवस्था पसंत नाही. मग इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीस या पुढाऱ्यानं या लोकशाहीची घडी बसवली तिथपासून इ.स.पू. ३२२ मध्ये मॅसेडोनियानं ती मोडली तिथपर्यंत, मधले दोन छोटे खंड सोडले तर एवढी वर्षं हे सगळं चाललं कसं? ज्यांनी ते चालवलं, ते कुंभार, नावाडी, शेतकरी, चांभार, त्यांचं म्हणणं काय होतं? त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत. पण त्यांच्या हातच्या वस्तू शिल्लक आहेत, आणि त्या अगोराच्या म्युझियममध्ये आहेत.

मोनास्तिराकी मेट्रो स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटांत अगोराच्या गेटपाशी पोचतो आपण. आत सगळीकडे पडलेले दगड, ऑलिव्हची झाडं, मधूनच कासव फिरताना दिसतं. मेट्रोची जुनी लाईन तर अगोराच्या उत्तरेकडच्या भागातून सरळ कापत गेलीय, सॉक्रेटिसवर खटला दाखल झाला ती राजेशाही स्टोआ (स्टोआ म्हणजे खांबांचा व्हरांडा) त्या रुळांच्या पलीकडे आहे. म्युझियम आहे ते स्टोआ ऑफ अटालोसमध्ये, हा लांबच लांब खांबांचा व्हरांडा १९५० च्या दशकात नव्यानं बांधून काढलाय. गार सावली आहे, त्यामुळे बरेच लोक तिथे नुसतेच टेकलेले असतात, आत जात नाहीत. आत जा, प्लीज.

पहिली वस्तू क्लेरोटेरियन. दगडाची उभी लादी आणि तिच्यावर ओळीनं कापलेल्या बारीक खाचा, एवढंच दिसतं. आहे ते चिठ्ठ्या काढायचं मशीन. ज्युरीसाठी नोंद असलेल्या प्रत्येक नागरिकाकडे आपल्या नावाची छोटी पट्टी असायची, ज्यांना त्या दिवशी कोर्टात ज्युरी म्हणून बसायचंय त्यांच्या पट्ट्या या खाचांत खोचायच्या, बाजूच्या नळीत काळे-पांढरे गोळे ओतायचे आणि खालून एकेक सोडायचा, पांढरा आला की ती आडवी ओळ आत, काळा आला की ती अख्खी ओळ घरी. कुणाच्या ओळखीनं काही होत नाही, पैसे चारून होत नाही, कारण कुठल्या खटल्याला कोण बसणार हे त्या दिवशी सकाळपर्यंत कुणालाच कळत नाही. पाचशे जणांची बूले, म्हणजे सभेपुढे काय विषय जायचे ते ठरवणारी परिषद, तीसुद्धा चिठ्ठ्या टाकून, नागरिकांचे दहा गट म्हणजे जमाती केल्या होत्या, प्रत्येक जमातीतून पन्नास. निवडणूक व्हायची ती मुख्यतः सेनापतींची. ॲरिस्टॉटल तर स्पष्ट म्हणतो की पदं चिठ्ठीनं देणं ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची. बाबांना हे सांगितलं तर ते त्या लादीसमोर बराच वेळ गप्प उभे राहिले, मग म्हणाले, "अगं, म्हणजे प्रचार नाही, पॅनल नाही, काहीच नाही." आणि परत खाचा मोजायला लागले.

या मशीनचं इतकं बारीक वर्णन आपल्याला कुठून मिळतं तर ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'अथेन्सची राज्यव्यवस्था' या ग्रंथातून, आणि तो ग्रंथ तर हरवलाच होता, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इजिप्तमधून आलेल्या पपायरसवर सापडला, शेतीच्या हिशेबाच्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी उतरवून घेतलेला. १८९१ मध्ये तो छापून आला. हिशेबाचे ते कागद टाकून दिले असते तर ही लादी बघून आज कुणाला काय कळलं असतं?

शेजारीच मतदानाच्या ब्राँझच्या चकत्या आहेत. चकतीच्या मधोमध एक छोटा दांडा, काही दांडे पोकळ, काही भरीव. पोकळ म्हणजे फिर्यादीच्या बाजूनं, भरीव म्हणजे आरोपीच्या. प्रत्येक ज्युररला दोन्ही मिळायच्या, जी मोजायची ती एका भांड्यात आणि उरलेली दुसऱ्यात. मी पुढे निघाले होते तर बाबांनी मला हाताला धरून मागे आणलं आणि अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं, दांड्याची दोन्ही टोकं अशी चिमटीत धरली की पोकळ कुठली नि भरीव कुठली हे समोरच्याला दिसतच नाही. "गुप्त मतदान," म्हणाले, "बूथला पडदा पण लागत नाही." हेच त्या जुन्या ग्रंथातही लिहिलंय, बाबांनी ते वाचलेलं नव्हतं, चकतीचा आकार बघूनच त्यांना कळलं. मला त्या क्षणी फार भरून आलं. ज्यानं ती चकती डिझाईन केली त्या माणसाला नक्की ठाऊक होतं की गरीब माणसाला श्रीमंताच्या विरोधात मत द्यायचं असेल तर काय सोय लागते.

पाण्याचं घड्याळ पण आहे, दोन मातीची भांडी, वरच्यातून खालच्यात पाणी पडतं, साधारण सहा मिनिटं, पाणी संपलं की भाषण संपलं, बोलणारा कितीही मोठा असो.

आणि मग खापऱ्या. वर्षातून एकदा सभेला विचारलं जायचं की यंदा कुणाला हद्दपार करायचं का. हो म्हटलं तर ठरलेल्या दिवशी लोकांनी मडक्याच्या तुकड्यावर नाव कोरून आणायचं, किमान सहा हजार खापऱ्या जमल्या पाहिजेत, ज्याचं नाव सगळ्यात जास्त त्यानं दहा वर्षं शहर सोडायचं. जमीनजुमला जप्त नाही, गुन्हा नाही, फक्त जा. पेरिक्लीस, किमोन, ॲरिस्टायडीस, थेमिस्टोक्लीस ही सगळी बड्या पुढाऱ्यांची नावं तिथे वेड्यावाकड्या अक्षरात कोरलेली दिसतात. थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या सुमारे १९० खापऱ्या ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत सापडल्या आणि अक्षर तपासलं तर लिहिणारे हात जेमतेम चौदा! म्हणजे विरोधकांनी आधीच लिहून ठेवल्या होत्या, वाटायला. प्लूटार्क हा नंतरच्या काळातला चरित्रकार एक गोष्ट सांगतो, ॲरिस्टायडीसला एका अडाणी खेडुतानं न ओळखता खापरी दिली आणि म्हणाला हिच्यावर ॲरिस्टायडीस लिहून दे, का रे बाबा, त्यानं तुझं काय वाईट केलं, तर म्हणे काही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो ते ऐकून कंटाळलोय. ॲरिस्टायडीसनं आपलं नाव लिहून दिलं. ही गोष्ट बहुतेक वेळा लोक किती मूर्ख असतात हे दाखवायला सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं, त्या खेडुताला लिहिता येत नव्हतं तरी त्याचं मत मोजलं जात होतं.

तिथून थिसिओच्या बाजूनं बाहेर पडून अपोस्तोलू पावलू रस्त्यानं प्निक्सला गेलो. तिकीट नाही, गर्दी नाही, पाईनच्या झाडांतून पायवाट जाते. वर एक मोठं अर्धगोल उतरतं मैदान आणि खडकातच कोरून काढलेला, पायऱ्या असलेला कट्टा, बेमा. हा आज दिसतो तो कट्टा इ.स.पू. चौथ्या शतकातला, त्याआधी सभा याच टेकडीवर पण उलट्या तोंडानं बसायची. सभा वर्षाला चाळीस वेळा, सहा हजारांच्या आसपास माणसं, आणि सुरुवातीलाच पुकारा व्हायचा, कुणाला बोलायचंय? ॲरिस्टोफनीसच्या 'अकार्नियन्स' नाटकाचा (इ.स.पू. ४२५) नायक इथेच पहाटे येऊन एकटा बसलाय, सभेची वेळ झाली तरी कुणाचा पत्ता नाही, लोक खाली बाजारात गप्पा मारतायत आणि लाल रंग लावलेला दोर चुकवत पळतायत. तो दोर धरून लोकांना सभेकडे हाकायचे, रंग लागला की पकडला गेलास. त्याच ॲरिस्टोफनीसनं पुढच्या वर्षी 'नाइट्स'मध्ये जनता म्हणजे बहिरट, चिडका म्हातारा आणि क्लिऑन हा पुढारी म्हणजे त्याला गोडगोड बोलून लुबाडणारा गुलाम असं दाखवलं. क्लिऑन तेव्हा अथेन्समधला सगळ्यात ताकदवान माणूस. आणि या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं, शहराच्याच उत्सवात. टीका करणाऱ्यांना टीका करायची जागाही लोकशाहीच देत होती हे मला त्या कट्ट्यासमोर बसून फार प्रकर्षानं जाणवलं.

पण याच टेकडीवर जे वाईट झालं तेही सांगितलंच पाहिजे. इ.स.पू. ४२८ मध्ये मितिलिनी शहरानं अथेन्सविरुद्ध बंड केलं, ते पुढच्या वर्षी मोडलं तेव्हा सभेनं रागाच्या भरात ठरवलं की तिथले सगळे पुरुष मारायचे, बायकामुलं गुलाम करायची. जहाज निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांनाच कसंतरी वाटायला लागलं, परत सभा भरली. थ्युसिडिडीसनं तिथली दोन भाषणं लिहून ठेवलीयत, क्लिऑन म्हणतो लोकशाहीला दुसऱ्यांवर राज्य करता येत नाही, दया दाखवू नका, आणि डायोडोटस नावाचा एक माणूस, ज्याचं नाव इतिहासात दुसरीकडे कुठे येत नाही, तो म्हणतो घाई आणि राग हे चांगल्या निर्णयाचे दोन शत्रू. हात वर करून मतं घेतली, अगदी थोड्या मतांनी डायोडोटस जिंकला. दुसरं जहाज सोडलं, वल्हवणारे वल्हवता वल्हवताच दारू आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ खात होते, आळीपाळीनं झोपत होते, आणि पोचले तेव्हा पहिला हुकूम नुकताच वाचून झाला होता. शहर वाचलं. तरी बंडातल्या हजारावर लोकांना मारलंच. हे सगळं बाबांना कट्ट्यासमोर बसून सांगितलं, ते म्हणाले, "राजा असता तर दुसऱ्या दिवशी परत विचारलं असतं का कुणी?" मला अजूनही हा प्रश्न प्लेटोला विचारावासा वाटतो.

प्लेटोचा राग मी समजू शकते. त्याचा गुरू सॉक्रेटिस, याच लोकांच्या ज्युरीनं इ.स.पू. ३९९ मध्ये त्याला मरणाची शिक्षा दिली, आणि प्लेटोच्याच लिखाणात सॉक्रेटिस म्हणतो की तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो. थ्युसिडिडीसचंही तसंच, तो सेनापती होता, अँफिपोलिस शहर हातचं गेलं आणि वीस वर्षं हद्दपार झाला. पण मला वाटतं या दुखावलेल्या, हुशार, खात्यापित्या घरच्या माणसांचंच ऐकून आपण अथेन्सबद्दल मत बनवतो, हा अन्याय आहे. त्या अनाम लेखकाचं पुस्तक म्हणूनच मला आवडतं, लोकशाही त्याला मुळीच आवडत नाही, तरी पहिल्या पानातच तो कबूल करतो की जहाजं गरीब लोक वल्हवतात, शहराची ताकद त्यांच्या जोरावर आहे, तर त्यांचं जास्त चालणं बरोबरच आहे. आणि एस्किलसच्या 'पर्शियन्स' नाटकात (इ.स.पू. ४७२, खर्च केला होता तरुण पेरिक्लीसनं) पर्शियाची राणी विचारते, या अथेन्सवाल्यांचा मालक कोण, तर उत्तर मिळतं की ते कुणाचेच गुलाम म्हणवत नाहीत.

गुलाम होतेच मात्र. लॉरियनच्या चांदीच्या खाणीत होते, घराघरांत होते, त्यांना आणि बाहेरून येऊन राहिलेल्यांना (खुद्द ॲरिस्टॉटलसुद्धा त्यातलाच) आणि कुठल्याही बाईला या टेकडीवर जागा नव्हती. बायकांना सभेत बसवलं ते ॲरिस्टोफनीसनंच, खोट्या दाढ्या लावून, आणि विनोद म्हणून, त्या भूमिकाही पुरुषच करायचे. मी त्या कट्ट्याजवळ उभी होते तेव्हा ही गोष्ट मनातून जात नव्हती आणि जाऊही नये.

जाणार असाल तर एक सांगते, आधी अगोराचं म्युझियम, मग प्निक्स असाच क्रम ठेवा, वस्तू बघितल्या नसतील तर टेकडीवर फक्त उतार दिसेल. संध्याकाळी उशिरा जाऊ नका, सगळे सनसेटचे फोटो काढायला येतात. एक दिवस जास्त असेल तर केरामेइकोस या जुन्या स्मशानभूमीला जा, युद्धात पडलेल्यांच्या सरकारी कबरी तिथल्या रस्त्यावर होत्या, पेरिक्लीसचं ते प्रसिद्ध भाषण तिथलंच, आमचा कारभार मूठभरांच्या नाही तर बहुतेकांच्या हातात आहे असं सांगणारं. तिथल्या नदीपात्रातही हजारो खापऱ्या निघाल्या, त्यातल्या चार हजारांहून जास्त मेगाक्लीस या एकट्या पुढाऱ्याच्या नावाच्या, कुणीतरी तर त्याच्या नावापुढे घोडे पाळणारा असंही कोरलंय, म्हणजे श्रीमंतीचा राग. बाबांनी त्या खापऱ्यांचे एवढे फोटो काढले की फोनची मेमरी भरली.